तिला नेसवताना

११ जानेवारी

प्रिय आत्या,

नमस्कार. वर 'सा. न. वि. वि.' लिहिलं की तू म्हणतेस, हे काय कोर्टाचं समन्स आहे का, म्हणून साधाच नमस्कार. फोन केला असता, पण तुमचा फोन देवळाच्या ऑफिसात, आणि आतोबांना कमी ऐकू येतं म्हणून तो कायम मोठ्या आवाजावर. मला जे विचारायचंय ते ऑफिसात ऐकू जाऊन चालणार नाही.

मला काम मिळालंय. बाबांनी कळवलं असेलच, आणि कोणत्या शब्दांत तेही मला माहीत आहे: घरातली पहिली पदवीधर, आणि करते काय, तर अंधारी खोली बांधते. त्यांचं काही खोटं नाही. शहराच्या कडेला बर्फाचं एक बंद पडलेलं गोदाम आहे, तिथं आम्ही ती खोली बांधतोय. आमच्या प्रमुखांना सगळे नुसतं 'बाई' म्हणतात. त्या पूर्वी चित्रं काढायच्या, आता खोल्या बांधतात. त्यांचं म्हणणं, माणसानं चित्रासमोर उभं राहून मान हलवायची नाही, चित्राच्या आत जायचं.

आमच्या खोलीत एका वेळी एकच माणूस जाईल, अनवाणी. पायाखाली ओलसर फरशी, तेलाच्या दिव्याचा वास, समोर पडदा. पडदा सारला की काळ्या दगडाची देवी, अजून नेसवायची राहिलेली, आणि शेजारी घडी केलेली साडी. आत जाईल त्यानं तिला हात लावायचा. बाई असो, पुरुष असो, दोन्ही नसो, कुणी अडवणार नाही. आणि अंधारात एक आवाज असेल, तिला कसं नेसवायचं ते सांगणारा.

बाईंचा प्रश्न साधा आहे. ती बाई आहे. तिला न्हाऊ घालणारे, पुसणारे, नेसवणारे सगळे पुरुष. तुम्हाआम्हाला हे चाललं असतं का? मग तिला चालतं हे कुणी ठरवलं?

त्या हे बोलत होत्या आणि मला तू दिसत होतीस. लहानपणी सुट्टीत मी तुमच्याकडे होते, देवळाच्या मागच्या दारानं आत डोकावले, तर आतोबा स्टुलावर बसलेले आणि पडद्याआड तू देवीच्या पदराला पिन लावत होतीस. दुसरी पिन तुझ्या दातांत, आणि तशाच तोंडानं तू तिच्याशी बोलत होतीस. मला बघून ओठांवर बोट ठेवलंस. टकळी म्हणून माझं नाव पडलंय खरं, पण हे एक मी पोटात ठेवलं. बाबांनाही कधी बोलले नाही.

आत्या, तो आवाज मला तुझा हवाय.

तुझी,
टकळी


२० जानेवारी

टकळे,

पत्र वाचलं आणि शेगडीवर धरलं. जळल्यावर वाईट वाटलं. अक्षर छान काढलं होतंस.

नाही म्हणजे नाही. आता का नाही ते सांगते, म्हणजे पुन्हा विचारणार नाहीस.

तू बघितलंस त्याच्या आदल्या वर्षीच ह्यांचे हात थरथरायला लागले होते. डॉक्टर म्हणाले कंपवात. आरतीचं तबक धरतात तेव्हा ज्योत थरथरते, आणि लोक एकमेकांना म्हणतात, बघा, गुरुजींचा भाव केवढा. भाव कसला, सकाळची गोळी चुकलेली असते. पण आरती वेगळी आणि निऱ्या वेगळ्या. एके दिवशी साडी ह्यांच्या हातून तिच्या पायाशी पडली, उचलली, पुन्हा पडली. पडद्याबाहेर माणसं खोळंबलेली. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. मी उंबरठा ओलांडला. तेव्हापासून रोज ओलांडते.

इथला नियम आहे की तिला उघडी कुणी बघायची नाही, गुरुजींखेरीज. अध्यक्षांनीसुद्धा नाही. त्या नियमानंच आम्हा दोघांना झाकून ठेवलंय. झाकली मूठ सव्वा लाखाची. समितीला कळलं तर ह्यांचं काम जाईल, वरच्या दोन खोल्या जातील. ते एक वेळ सोसेन, तुझ्या बापाच्या दारात जाऊन बसेन. पण माझा हात तिच्यापासून सुटेल. माझ्या हातानं मी दुसऱ्या कुणाला कधी नेसवलेलं नाही, हे तुला सांगायला नको.

तुझ्या बाईंना म्हणावं, प्रश्न चांगला आहे. उत्तर देणारी दुसरी शोधा.

आत्या


१ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

दुसऱ्या शोधल्या. एक निवृत्त नर्स, दोन शिक्षिका, कॉलेजातल्या मुली, एक फुलवाली. सगळ्या मनापासून बोलल्या. पण प्रत्येकीचं बोलणं उंबरठ्याशी येऊन थांबतं. आम्हाला आत जाऊ दिलं नाही, आम्हाला त्या दिवसांत पायरी चढू दिली नाही, आम्हाला लांबून बघायला सांगितलं. आत काय असतं ते एकीलाही सांगता येत नाही. ते सांगू शकणारी तू एकटीच आहेस, आणि तू गप्प आहेस.

या पत्रासोबत एक छोटं यंत्र पाठवतेय. लाल बटण दाबलं की ते ऐकायला लागतं, पुन्हा दाबलं की थांबतं. तुझं नाव कुठं येणार नाही, देवळाचं नाही, शहराचं नाही. आमच्याकडे एक आवाजवाला आहे, तो आवाज असा बदलतो की माणसाला जन्मदातीसुद्धा ओळखणार नाही. मी शब्द देते.

मी पास झाले तेव्हा तू म्हणाली होतीस, आपल्यातलं कुणीतरी आता बोलेल. मी बोलायला तयार आहे गं. पण माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही. जे आहे ते तुझ्याकडे आहे.

टकळी


१८ फेब्रुवारी

टकळे,

तुझं यंत्र परत पाठवतेय. बरेच दिवस डब्यांच्या मागं ठेवलं होतं. मग एक दिवस सकाळी कमरेला खोचून आत घेऊन गेले. म्हटलं, चार वाक्यं बोलून बंद करू. बटण दाबलं आणि काय बोलावं ते सुचेना, लाज वाटली. म्हणून रोजच्यासारखी कामाला लागले आणि यंत्राचा विसर पडला. बाहेर आल्यावर बघते तर ते आपलं ऐकतच बसलेलं. तेव्हा त्यात जे काय असेल ते तिच्याशी बोललेलं आहे, तुझ्याशी नाही. परत ऐकायची मला छाती झाली नाही.

ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, पोरीनं शब्द दिलाय ना, मग झालं.

आवाज बदलशील तो नीट बदल. पुरुषाचा केलास तरी चालेल.

आत्या


२६ मार्च

प्रिय आत्या,

खोली उघडली, आणि रोज रांग लागतेय.

मी दाराशी असते. लोकांच्या चपला घेते आणि बाहेर येणाऱ्यांना पाणी देते. त्यामुळं सगळ्यांचे चेहरे मला आधी आणि नंतर असे दोन्ही वेळा दिसतात. परवा एक ट्रकचालक आला. आत जाताना थट्टा करत होता, दगडाला साडी नेसवायला तिकीट लागतं का म्हणून. बाहेर आला आणि बाकावर बसून राहिला. नंतर म्हणाला, बायको वर्षभर अंथरुणाला खिळलेली होती, तिला नेसवायला मी बाई ठेवली होती, मला हात लावायची भीती वाटायची. काल एक जण आले, की आल्या. ते मला म्हणाले, देवळात बायकांची रांग वेगळी, पुरुषांची वेगळी, आणि मी आयुष्यभर बाहेर चपलांपाशी उभं राहून नमस्कार केलाय. इथं रांगच एक आहे.

आणि सगळे तुझ्याबद्दल विचारतात. ही कोण आहे, जी म्हणते, "हात वर कर गं बाई. कर ना. बरं, नको करूस, मीच वाकते." दगडाच्या हाताला असं म्हणणारी. एक वाक्य आलं की आतला प्रत्येक माणूस थबकतो, हे मला बाहेरच्या पडद्यावर सावलीवरून कळतं: "पहिल्यांदा आत आले तेव्हा माझे ते दिवस होते. तुला सांगितलंही होतं मी. तू काही म्हणाली नाहीस."

कालच एक तरुण बाई बाहेर येऊन बराच वेळ सँडलचा पट्टा लावत बसली होती. पट्टा लागलेला होता, तरी लावत होती. हा आवाज कुठला, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, कुठल्याही घरातला. ती हसली आणि म्हणाली, नाही, आमच्याच घराजवळचा वाटतो. बघ, किती जणींना असं वाटत असेल.

आवाजाचं काम छान झालंय. तू काळजी करू नकोस.

टकळी


४ एप्रिल

टकळे,

ती सँडलवाली आमच्या अध्यक्षांची सून होती.

पोर वाईट नाही. माहेरी गेली होती, तिथून तुमची खोली बघायला आली. घरी परतल्यावर जेवताना कौतुकानं सांगत बसली की कसं आपल्या देवळातल्या काकूच बोलताहेत असं वाटलं, तीच लकब, तेच 'बरं, नको करूस', डोळ्यांना धार लागली. तिला वाटलं, सासरे म्हणतील वा. सासऱ्यांचा घास हातातच राहिला म्हणे. हे तिनंच मला मागच्या जिन्यात येऊन सांगितलं, माझे पाय धरून रडली. मी तिला उठवलं. काय म्हणू तिला?

दुसऱ्या दिवशी ह्यांना ऑफिसात बोलावलं. खरं काय ते सांगा म्हणाले. ह्यांना खोटं बोलता येत नाही आणि खरं सांगता येईना, म्हणून मान खाली घालून बसले. मान गप्प होती, पण हात मांडीवर उड्या मारत होते. अध्यक्ष हातांकडे बघत राहिले. आजवर भाव म्हणून बघितलेले हात.

आता समितीचा निर्णय होईपर्यंत दुसरे गुरुजी येतात. उंबरठा धुतला, आतली सगळी भांडी धुतली. त्या दिवसांचं जे बोलले होते त्यावर सगळ्यात जास्त गहजब झाला. माझं वय काय, ते दिवस संपून किती काळ लोटला, पण म्हणतात तेव्हाचा विटाळ अजून आत आहे. मला हॉलमध्ये बायकांच्या बाजूला बसायची मुभा आहे. पडद्याच्या या बाजूला. मी बसते. पडदा हलला की माझे हात आपोआप वर येतात, मग मी ते पदराखाली घेते.

मला एकच सांग. आवाज बदलला होतास ना?

आत्या


९ एप्रिल

आत्या,

नाही.

आवाजवाल्यानं बदलून दिला होता. विहिरीत तोंड घालून बोलल्यासारखा लागत होता. तू हसलीस की ते हसणं खोकल्यासारखं ऐकू यायचं. बाई म्हणाल्या, हा मेलेला आवाज आहे, पण शब्द तू दिलायस, तेव्हा तू ठरव. मी ठरवलं. मला वाटलं, इतक्या लांब कोण ओळखणार. खरं सांगायचं तर मला असंही वाटलं की कुणीतरी ओळखावं. इतकं सुंदर काही चोरून का करावं लागावं? ते उघड्यावर आलं तर लोक तुला डोक्यावर घेतील, असं मी धरून चालले होते. रांगेतले चेहरे बघून मला जग तसंच आहे असं वाटायला लागलं होतं.

माफी मागून काही होणार नाही, म्हणून मागत नाही. लढूया. बाईंच्या ओळखीच्या एक वकील आहेत, त्या फुकट काम करतील. दोन वर्तमानपत्रांतून विचारणा आली आहे. रांगेतल्या लोकांनी सह्या द्यायची तयारी दाखवलीय. ज्या बाईनं इतकी वर्षं देवीला नेसवलं तिला बाहेर बसवतात, हे एकदा सगळ्यांना कळू दे. मग बघू, उंबरठा कोण धुतं.

तू फक्त हो म्हण.

टकळी


१७ एप्रिल

आत्या,

तुझं उत्तर नाही. ऑफिसात फोन केला तर कुणीतरी उचलला, माझं नाव ऐकलं आणि ठेवून दिला. बाबांना विचारलं, ते म्हणाले, तुझ्या शिक्षणानं माझ्या बहिणीचं घर बुडवलं. त्यानंतर ते माझ्याशी बोललेले नाहीत.

मी दाराशी उभी असते आणि आतून तुझा आवाज येतो, दर वेळी तोच, 'थंडी वाजते का? थांब, झालंच.' पूर्वी माझ्या अंगावर काटा यायचा. आता मी कानांवर हात ठेवते. लोकांना वाटतं, भारावून गेलीय.

शिव्या दे, पण लिही.

टकळी


२४ एप्रिल

टकळे,

शिव्या द्यायला अंगात जोर लागतो.

वकील नको. वर्तमानपत्र नको. भीक नको पण कुत्रा आवर, असं झालंय मला. तुझे ते सह्या करणारे लोक चांगले असतील. पण सह्या करून ते आपापल्या घरी जातील, आणि ती इथंच आत राहील, आणि मी इथंच बाहेर. लढाई जिंकायला किती वर्षं लागतात ते तुझ्या वकीलबाईंना विचार. तेवढी वर्षं माझ्याकडे नाहीत. ह्यांच्याकडे तर नाहीतच. हे जेवत नाहीत. मी भरवायला गेले की म्हणतात, माझ्या हातांनी तुला बाहेर काढलं.

नवे गुरुजी मन लावून करतात. पण पुरुषानं पुरुषाकडून शिकलेलं ते. पदर इतका ओढून लावतात की मला इथं श्वास कोंडतो.

आता मी मागते ते ऐक. पुढच्या रविवारी समिती बसणार आहे. तू ये. त्यांना सांग की ते सगळं तू डोक्यातून काढलंस. लिहिलंस तू आणि बोललीसही तू. तू आवाज खाली आणलास की माझ्यासारखाच लागतो, फोनवर तुझा बापसुद्धा फसायचा. त्यांना तेच ऐकायचंय गं, ते वाट बघताहेत कुणीतरी येऊन तसं सांगायची. आत कुणी बघितलेलं नाही आणि बघू शकतही नाही. फक्त तुझा शब्द लागेल. मग उंबरठ्यावर हात ठेवायला सांगतील. ठेव, आणि म्हण की आत कधी कुठली बाई गेलेली नाही.

तू खऱ्यासाठी किती झुरतेस ते मला ठाऊक आहे. मी तुझ्या खऱ्याचं काय करू? मला ती हवी आहे.

आत्या


२७ एप्रिल

आत्या,

पत्र हातात धरून बसलेय. तू मला नेमकं तेच म्हणायला सांगतेस जे ते आजवर म्हणत आले. आत कधी कुठली बाई गेलेली नाही. हे मोडायला म्हणून मी या कामात आले. आता मीच ते म्हणायचं, तेही तिच्या दारात, शपथेवर? त्या ट्रकचालकाला काय सांगू? जे चपलांपाशी उभे राहायचे त्यांना काय सांगू, की आत कुणी नव्हतं, एका पदवीधर मुलीनं घरी बसून रचलं होतं?

बाईंना पत्र दाखवलं. त्या रागावल्या नाहीत, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, जा. पण तू ते म्हणालीस की ही खोली बंद. खोट्या आवाजावर मी माणसांना रडवत नाही.

मी त्यांना म्हटलं, आवाज खोटा नाही. त्या म्हणाल्या, रविवारनंतर असेल.

आत्या, मी येतेय. तिथं उभी राहून माझ्या तोंडून काय निघेल ते मला आज सांगता येत नाही. माझ्यावर विसंबू नकोस. एकदा विसंबलीस.

टकळी


६ मे

आत्या,

तुला ऑफिसात येऊ दिलं नव्हतं, आणि नंतर जिन्यात आपल्याला बोलता आलं नाही, म्हणून लिहिते. काय झालं ते तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये.

प्लास्टिकच्या खुर्च्यांवर सगळे बसले होते, आतोबा भिंतीशी. अध्यक्षांनी मला चहा दिला. मला वाटलं होतं ते ओरडतील, पण ते थकलेले दिसले. म्हणाले, पोरी, आम्हालाही हे नकोय, खरं काय ते सांग. मी तोंड उघडलं तेव्हा खरंच मला माहीत नव्हतं. आतोबांचे हात दिसले. त्यांनी एक हात दुसऱ्या हाताखाली दाबून धरला होता, लपवल्यासारखा. आणि मी म्हणाले, मी रचलं.

कुणीतरी सुस्कारा सोडला. एक जण म्हणाला, मग म्हणून दाखव. मी उभी राहिले. पहिली दोन वाक्यं पाठ केल्यासारखी आली. मग मी आवाज खाली आणला, आणि आत्या, माझ्या तोंडून तू बोलायला लागलीस. 'बरं, नको करूस, मीच वाकते.' मी खरोखरच वाकले. अध्यक्षांनी सुनेला बोलावलं आणि विचारलं, हाच का तो आवाज? ती दारात उभी होती. ती माझ्याकडे बघत राहिली, आणि तिला सगळं कळलेलं मला दिसलं. मग पदर सारखा करून ती म्हणाली, हाच. काकूंचा नव्हे, हाच. मीच चुकले.

त्यानंतर मला उंबरठ्याशी नेलं. पडदा ओढलेला होता. मी खाली वाकून दगडावर हात ठेवला. वाकताना चौकटीवर एक तेलकट डाग दिसला, रोज आत जाताना कुणी हात टेकावा तसा, आतोबांच्या खांद्यापेक्षा कितीतरी खाली. सगळे तिथंच उभे होते. कुणाच्या डोळ्यांत तो भरला नाही. मी त्या डागाकडे बघत म्हणाले की आत कधी कुठली बाई गेलेली नाही.

जीभ झडली नाही. काहीच झालं नाही. तू तिला ते दिवस आहेत म्हणून सांगितलंस तेव्हा जसं काही झालं नाही, तसंच.

खोली बंद झाली. दगडाची देवी आवाजवाल्यानं आणि मी मिळून पोत्यात गुंडाळली. गुंडाळण्याआधी मी तिला नेसवायला गेले, तर निऱ्या पडेनात. इतके दिवस दाराशी उभी होते, पण मी स्वतः आत कधी गेलेच नव्हते, हे तेव्हा लक्षात आलं.

आता माझ्याकडे काम नाही, आणि काही म्हणण्याचा हक्कही नाही. तुला ती मिळाली का, एवढं कळव.

टकळी


१९ मे

टकळे,

मिळाली.

ह्यांना कामावर घेतलं. नवे गुरुजी गेले. मी पहिल्या दिवशी आत गेले तेव्हा उंबरठ्याशी पाय अडला. वाटलं, आता इथं माझा पाय पडलेलाच नाही असं शपथेवर ठरलंय, तर हा पाय कुणाचा? हे स्टुलावरून म्हणाले, ये. गेले. साडी सोडवली. तिच्या खांद्यावर पिनेचे ओरखडे होते.

तुला सांगायला पाहिजे म्हणून सांगते. आता मी तिच्याशी बोलत नाही. पडद्याला लागून कोण उभं असेल याचा भरवसा नाही. समितीनं ह्यांना सांगितलंय की आत असताना मोठ्यानं स्तोत्रं म्हणत जा, म्हणजे संशयाला जागा नको. हे म्हणतात. दम लागतो, विसरतात, तेच कडवं पुन्हा पुन्हा म्हणतात. मी मुकाट्यानं नेसवते. तोंडाला कुलूप लावलं तर हातांनाही काही सुचेनासं झालंय. बोलता बोलता निऱ्या पडायच्या गं. आता मोजाव्या लागतात, आणि मोजताना चुकतात. अर्ध्यात थांबते, तिच्याकडे बघते. इतकी वर्षं ती गप्प होती ते मला कधी जाणवलंच नव्हतं. आम्ही दोघी तशाच उभ्या राहतो आणि हे स्टुलावर घसा फोडत असतात. हे असं किती दिवस चालेल माहीत नाही. काल बाहेर आले आणि जिन्यात बसून राहिले. वर चढवेना.

आता दुसरं. अध्यक्षांची बायको वर आली होती. तू ऑफिसात म्हणून दाखवलंस ते तिनं दाराआडून ऐकलं होतं, आणि तेव्हापासून तिच्या मनातून जात नाही. म्हणाली, तुमच्या भाचीनं काय रचलंय, देवीशी कसं लेकीसारखं बोलते ती. सकाळी पडदा ओढलेला असतो तेव्हा लोक ताटकळतात, गप्पा मारतात. त्या वेळात पोरीनं येऊन ते पडद्यासमोर म्हटलं तर? समितीनं हो म्हटलंय, तेवढा वेळ ह्यांची स्तोत्रंही नकोत म्हणाले. त्या दिवसांचं ते एक वाक्य तेवढं गाळायचं. सूनबाई शेजारी उभी होती, ती खाली बघत राहिली.

तू हसशील किंवा संतापशील. मीही आधी उठून पाणी प्यायले. आपले शब्द, आपल्याच दारात, आणि वर शाबासकी तुला. रांगेत बसून मी टाळ्या वाजवायच्या का, असंही मनात आलं.

मग लक्षात आलं की मी रांगेत नसेन. मी आत असेन.

तेव्हा ये. नाही म्हणू नकोस, तुझा हक्क आहे की नाही ते नंतर बघू. पडद्याच्या अगदी जवळ उभी राहा. मोठ्यानं बोल, हे लोकांसाठी नाही. ते वाक्य गाळ, ते तिला माहीत आहे. बाकी काही सोडू नकोस. 'थंडी वाजते का' म्हणशील तेव्हा मी तिला पुसत असेन. हात वर करायला सांगशील तेव्हा मी वाकेन.

आणि निऱ्यांपाशी घाई करू नकोस. माझे हात आता पूर्वीसारखे चालत नाहीत.

आत्या